आपला स्वीडनवाला

शंकरभाऊंच्या व्हरांड्याला लांबी कमी पडते, म्हणून त्यांच्या पोलवॉल्टच्या, म्हणजे बांबूउडीच्या, पोलचं हातभर टोक आमच्या व्हरांड्यात येतं. ऊर्जानगरच्या क्वार्टरांत अशा वस्तूची सोय केलेली नाही. माझी बायको त्या टोकावर खुशाल रुमाल वाळत घालते. मग पलीकडून आवाज येतो, "वहिनी, स्वीडनचा माल आहे तो!"

शंकरभाऊ वीज केंद्रात बॉयलरवर आहेत, क्वार्टरमध्ये एकटेच राहतात. कॉलेजात असताना ते डेकॅथलॉन खेळत. दोन दिवसांत धावणं, उड्या, फेक असे एकूण दहा प्रकार. तेव्हापासूनचं त्यांचं पालुपद, "दहाही कराचे, मंग बसाचं." लग्नाच्या जेवणात पदार्थ दहा असले तरी हेच.

विद्यापीठाच्या संघातून परदेशी स्पर्धेला गेले, तर पोल घरीच ठेवून. "एवढं लांबडं काऊन वाहाचं? मले वाटलं, तिथी बांबू भेटनच!" गडचिरोलीत वाढलेल्या माणसाला बांबू नसलेला मुलूख ठाऊक असणार कसा? ऐनवेळी स्वीडनच्या एका खेळाडूनं आपला पोल त्यांना दिला, आणि नंतर कायमचाच देऊन टाकला. तो विमानातून आणला कसा, हे मात्र विचारू नका. अख्खी संध्याकाळ जाते.

तेव्हापासून तो 'आपला स्वीडनवाला'. त्यानं युरोपात पदक जिंकलं की कंपनीच्या बसमध्ये पेढे. त्याचा घोटा मुरगळला की शंकरभाऊंची भाजी अळणी. त्याच्या लग्नाचे फोटो तर त्यांनी मोबाईलवर साऱ्या कॉलनीला दाखवले, जणू घरात सून आली. स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की मात्र ड्यूटी आठवते.

गेल्या उन्हाळ्यात स्वीडनवाल्याची शेवटची स्पर्धा होती. शंकरभाऊ दुपारपासून आमच्या टीव्हीसमोर. पोलवॉल्टमध्ये तिन्ही उड्यांना दांडी पडली, म्हणजे गुण शून्य.

"आता सोडून देईल," मी म्हणालो. अशा वेळी बरेच जण सोडतात.

"नाई सोडत तो," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

त्यानं भाला फेकला. मग शेवटची पंधराशे मीटरची धाव, लंगडत, सगळ्यांच्या मागे. शंकरभाऊ उठून उभे राहिले. "दहाही, बाबू, दहाही!" तो पोचला तेव्हा बाकीचे रेषेवर थांबलेलेच होते. त्याला मधे घेऊन, हातात हात धरून सगळ्यांनी मैदानाला फेरी मारली. या खेळाची ती रीतच आहे. खरं सांगतो, अभिमानानं माझीही छाती फुगली.

शंकरभाऊ रडत होते.

"तवा मी असाच सगळ्यात मागं होतो, भाऊ. गुडघा गेला होता. सगळे चालले गेले असते त मी का म्हणलो असतो? हा थांबला. यानंच माहा हात धरला." त्यांनी नाक पुसलं. "पोलचं सगळ्याले सांगतो, हे कोणाले नाई सांगतलं. आज मी तिथी पाहिजे होतो."

मी टीव्ही बंद केला. बायकोनं चपला घातल्या. तिनं त्यांचा एक हात धरला, मी दुसरा, आणि कॉलनीच्या मैदानाला आम्ही पूर्ण फेरी मारली. बॅडमिंटन खेळणारे खेळ थांबवून बघत राहिले.

परत आल्यावर बायकोनं पोलवरचा रुमाल काढून घेतला.