उंबरडोहाचा घरजावई

आमच्या सासऱ्यांचा लाकडी मासा उंबरडोहातल्या मरळीने घरजावई करून घेतला, तो वार बुधवार होता. बुधवारी डोहावर फारशी वर्दळ नसते, त्यामुळे गोष्ट गावभर व्हायला दुपार उजाडली.

मी स्वतः घरजावई आहे, तेव्हा या विषयात मला थोडंफार कळतं. सुलभाशी लग्न झालं तसा मी नाळवाडीत, सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. सासऱ्यांना भाऊबंद नाही, मुलगा नाही, आणि इथल्या दूध संस्थेत फॅट बघायची नोकरी मला लागली होती. लोक काय, बोलतात. घरजावयाला पाठीमागे बोलायची आपल्याकडे रीतच आहे. मी कान दिला नाही. एकच गोष्ट मला सलायची. सासरे, म्हणजे गुंडूअण्णा सुतार, मला इतकी वर्षं ‘पावणं’ म्हणूनच हाक मारत होते. ‘पावणं, चहा घेतला का.’ ‘पावणं, म्हशीला पाणी दाखवा.’ पाहुण्याने म्हशीला पाणी दाखवायचं म्हणजे कमालच आहे, पण हाक काही बदलली नाही.

अण्णांचा धंदा सुतारकीचा आणि नाद मरळीचा. गांडूळ लावून मासे धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. मरळ शिकारी जात. तिच्यासमोरून खोटा मासा पोहत नेला की ती चिडून झडप घालते. असले मासे अण्णा शिवणीच्या लाकडात कोरायचे. तोंडाला डब्याच्या पत्र्याची जीभ, म्हणजे ओढला की मासा पाण्यात मुंडी खाली घालून वळवळत जातो. डोळ्यांना गुंजा. पोटाखाली दोन गळ. गेल्या पावसाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि हिवाळाभर खपून त्यांनी एक मासा केला तो शेवटचा म्हणूनच. आधीचे सगळे कुठं कपारीत, कुठं बुडालेल्या झाडात अडकून गेले होते. हा गेला तर दुसरा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा त्याला ‘पोरगं’ म्हणायचे. रात्री तो त्यांच्या उशाशी असायचा.

चूक झाली ती रंगात. पिवळा रंग संपला होता आणि अण्णांना धीर नव्हता. सुलभा म्हणाली, घरात हळद आहे, तेल आहे, चोळा की. अण्णांचा हात थरथरत होता म्हणून तिने स्वतःच लावली. ओसरीवर शेजारच्या बायका पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनीही हौसेने एकेक बोट लावलं. कोणीतरी गाणं म्हटलं. पाच सवाष्णींचा हात लागला, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

अण्णांनी तो मासा तसाच नेऊन उंबरडोहात टाकला. दोर ताणला गेला, मग सैल पडला. ओढून बघतात तर टोकाला मासा नाही. दोर तुटलेलाही नव्हता. गाठ नीट सोडवलेली होती, आणि माशाच्या पोटाखालचे दोन्ही गळ त्या दोराला परत बांधून पाठवले होते. सोयरिकीत कोणाचा जिन्नस कोणाकडे राहू नये, याबाबत मरळ फार काटेकोर.

थोड्या वेळाने मरळ वर आली. मरळीला हवा घ्यायला पाण्यावर यावंच लागतं, आणि तेवढ्या वेळातच ती बोलते. ती म्हणाली, “मुलगा पसंत आहे. आमच्या धाकटीला दिला. इथंच राहील.” आणि खाली गेली.

अण्णा घरी आले ते रिकामी काठी घेऊन. ते ओसरीच्या पायरीवर बसले, आणि सुलभाने चहा दिला तो तसाच गार झाला. मला त्यांची दया आली. सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. गावचे पोलीस पाटील हिंदुराव मध्यस्थ होते. त्यांनी खुर्ची पाण्याच्या कडेला ठेवली, म्हणजे दोन्ही पक्षांना अंतर सारखं. अण्णा खडकावर, मी त्यांच्या मागे. मरळ समोरच्या खोल पाण्यात. तिच्या मागे तिचं खटलं, आणि त्यात आमचं पोरगं. ते तोंड वर करून डुलत होतं. रात्रभर पाण्यात राहून लाकूड फुगलं होतं, त्यामुळे अंगानं भरल्यासारखं दिसत होतं. अण्णांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली.

हिंदुराव म्हणाले, “मरळबाई, मुलगा न विचारता ठेवून घेतलात, अशी तक्रार आहे.”

मरळ वर येऊन म्हणाली, “हळद लागलेला मुलगा होता. हळद लागलेल्या नवऱ्याला कोणी वेशीबाहेर सोडतं का? तुम्ही आमच्या दारात आणून सोडलात. आम्ही काय समजायचं?”

 हळद लागलेल्या नवऱ्याला आम्ही साधं परड्यात जाऊ देत नाही. सुलभा काठावर उभी होती, ती पदर तोंडाला लावून घरी निघून गेली.

“रंग म्हणून लावली होती,” अण्णा म्हणाले.

“पाच जणींनी?” मरळीने विचारलं आणि खाली गेली.

हिंदुरावांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, “लग्न लागलं, यात आता दुमत नाही. मुद्दा राहतो घरजावई म्हणून ठेवायचा. घरजावयाचं आयुष्य दुःखाचं असेल तर मुलाला परत पाठवावं लागेल. सुखाचं असेल तर राहू द्यावं. याची साक्ष द्यायला गावात माणूस एकच आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माशांसकट.

साक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. संध्याकाळी गोठ्यात मी धार काढत होतो तेव्हा अण्णा येऊन उभे राहिले. म्हणाले, “पावणं, उद्या सांगा की घरजावयाचे हाल कुत्रं खात नाही.”

मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला ते ठाऊक होतं?”

“तसं नव्हे. नुसतं सांगायला सांगतोय.”

“आणि तसं नसेल तर?”

अण्णा म्हणाले, “माझं पोरगं परत येईल, एवढंच बघा,” आणि गेले. मला राग आला. एवढी वर्षं ज्या घरात काढली तिथं माझे हाल होत होते, असं चारचौघांत सांगायचं, आणि तेही हाल करणाऱ्याच्या सांगण्यावरून. त्यात हाल झालेलेही नाहीत. धार काढता काढता मी आठवून बघितलं. माझी फाटकी छत्री दर मृगाच्या आधी कोणीतरी शिवून ठेवतं, आणि घरात दाभण एकाच माणसाकडे आहे. मरळ आणली की मधला तुकडा माझ्या ताटात असतो. सुलभा वाढत असताना अण्णा तिला नुसती डोळ्यांनी खूण करतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही. आता खोटं बोललो तर म्हातारा सुखी होईल, आणि खरं बोललो तर त्याचं पोरगं गेलं. मी रात्री नीट जेवलो नाही. सुलभाने विचारलं, काय सांगणार आहात? म्हटलं, बघू.

सकाळी डोहावर सगळं गाव होतं. हिंदुरावांनी मला पाणी हातात घ्यायला लावलं आणि विचारलं, “सर्जेराव, घरजावई म्हणून तुम्ही सुखी आहात का?”

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर पाण्यात, पोरावर होती. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता.

मी म्हणालो, “सुखी आहे.”

कोणीतरी मागे च् च् केलं. मरळ वर आली. “कशावरून?”

“छत्री शिवून मिळते,” मी म्हणालो. “घरात आवाज चढत नाही. आणि जेवणात मधला तुकडा मला असतो.”

“कशाचा?” मरळीने विचारलं.

 हिंदुरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“भाकरीचा,” मी म्हणालो.

“भाकरीला मधला तुकडा असतो?”

“आमच्यात असतो.”

मरळ थोडा वेळ पाण्यावर राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग अण्णांना म्हणाली, “व्याहीबुवा, मुलगा सुखात राहील. काळजी करू नका,” आणि सगळं खटलं घेऊन कपारीत गेली. जाताना पोरगं तेवढं एकदा उलटं होऊन सरळ झालं. नमस्कार असावा.

अण्णा घराकडे निघाले. मी त्यांच्या मागून चालत होतो, आणि त्यांची पाठ बघून मला वाटलं, आपण चुकलो. खरं बोलून कोणाचं भलं झालंय? जेवताना सुलभाने पिठलं वाढलं. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

“खरंच सुखात आहेस?”

“आहे.”

“मग कधी बोलला नाहीस ते?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“हे आपलं बरं आहे,” अण्णा म्हणाले. मग भाकरी कुस्करू लागले. “काळजी करू नका, असं म्हणाली. मीही तुझ्या बापाला हेच म्हणालो होतो. लग्नाच्या मांडवात. ते चप्पल शोधत होते आणि मी म्हणालो, मुलगा सुखात राहील, काळजी करू नका. त्यांना मला चप्पल फेकून मारावीशी वाटली असेल.”

“ते तसले नाहीत.”

“तेच तर. कसे आहेत ते?”

“बरे आहेत. गुडघा दुखतो.”

“उद्या गाडी काढ, सर्जा. जाऊन येऊ.”

सुलभाच्या हातातली पळी पातेल्यात पडली. तिने ती काढली नाही. मी आपला पिठल्यात भाकरी बुडवत राहिलो. डोळे भरून आले होते, आणि पिठल्यात मिरची जास्त होती असं सांगायची सोय होती.

माझे वडील, केरबा, गारगोटीच्या बाजूला असतात. लग्नानंतर अण्णा त्यांच्या दारात कधी आले नव्हते. काही वैर नव्हतं. मुलगा घेऊन गेलेला माणूस तोंड दाखवायला कचरतो, एवढंच. वडिलांनी घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं. अण्णांनी सगळी हकीकत सांगितली. वडिलांनी मध्ये एकदाच विचारलं, “पाणी गार आहे का तिथलं?”

“खाली गार आहे. वर उन्हाचं बरं असतं.”

“मग वरती राहा म्हणावं.”

अण्णा म्हणाले, “केरबा, तुम्ही कसं काढलंत हो?”

वडिलांनी गुडघा चोळला. “पहिलं वर्ष जड जातं. जेवताना पोरगं जिथं बसायचं तिथं बघवत नाही. मग मी हिंडायला लागलो. महिन्यातनं एकदा तुमच्या गावात येऊन जायचो.”

हे मला नवीन होतं. “घरी का आला नाहीत?” मी विचारलं.

“दुसऱ्याचं घर ते. डेअरीच्या समोर हॉटेल आहे तिथं चहा घ्यायचा. तू बाहेर आलास की दिसायचास. एस.टी. बदलून यायला लागायचं, पण व्हायचं काम.” ते अण्णांकडे वळले. “तुमचं बरं हाय की. डोह घराजवळ. रोज जाऊन बसा.”

 अण्णांनी वडिलांचा हात धरला, तो थरथरणाऱ्या हाताने, आणि निघेपर्यंत सोडला नाही. येताना आम्ही वडिलांना बरोबरच घेऊन आलो. गाडीवर तिघं बसलो. महिनाभर राहतो म्हणाले होते, अजून आहेत.

आता उंबरडोहात अण्णा काठी टाकत नाहीत. सोयऱ्यांच्या घरात गळ टाकणं बरं दिसत नाही. दोघे म्हातारे सकाळी जाऊन काठावर बसतात. पोरगं उन्हाला वर येतं. हळद बरीच उतरली आहे, पण गुंजा तशाच आहेत. घरी मी शिवणीचं लाकूड घेऊन कोरायला बसतो. अण्णा शेजारी बसून चुका काढतात. माझा पहिला मासा वांग्यासारखा झाला. दुसरा जरा लांबट वांग्यासारखा. रंग मात्र आम्ही आता दुकानातूनच आणतो, आणि त्या दिवशी बायकांना ओसरीवर बसू देत नाही.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात मासे खात नाहीत आणि सासू जावयाला जेवायला घालते, हे काही मरळीला सांगायला लागलं नाही. तिने आदल्या दिवशी वर येऊन आमंत्रण दिलं: व्याहीबुवांनी यावं, आणि त्या दुसऱ्या व्याह्यांनाही आणावं. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं. अण्णांनी नवी टोपी घातली. मी त्यांना काठापर्यंत सोडलं. दोघांनी एकमेकांचा हात धरला, चपला खडकावर काढल्या आणि आत गेले.

ऊन उतरल्यावर दोघे परत आले. धोतराचा काठ तेवढा ओला होता. वडील तृप्त होऊन ढेकर देत होते. मी अण्णांना विचारलं, “सोय कशी होती?”

“चांगली होती,” अण्णा म्हणाले. “पोरगं शेजारीच बसलं होतं. आणि सर्जा, मधला तुकडा मला वाढला.”

धोंड्याचा महिना होता, म्हणून कशाचा ते मी विचारलं नाही.