दाराचा प्रकार : शटर

ऊन फार तापलं होतं म्हणून माधुरीने त्या शनिवारी तेलाच्या बाटल्यांची बाज रस्त्याकडेला न टाकता पुढच्या खोलीत टाकली. पोरगी दात येत असल्यामुळे किरकिरत होती. तिला घेऊन उन्हात बसायचं म्हणजे संध्याकाळी ताप ठरलेला. बास, एवढंच केलं तिने. कुणाचं घोडं मारलं नव्हतं.

वस्ती शिंगणापूरच्या रस्त्यावरची, शनिदेवाची रीत पाळणारी. घराला चौकट असते, दार नसतं. पडदा असतो. दर शनिवारी भाविक थांबतात, तेल, रुईचा हार, काळं कापड घेतात. त्यावर पोरीचं दूध-औषध निघतं.

नेमकी त्याच दिवशी घरपट्टीची नवी मोजणी आली. पूर्वी फूटपट्टीवाला यायचा, आता मोबाईलवाला आला. नाव योगेश.

"ताई, दाराचा प्रकार सांगा."

"दार न्हाई."

"तसं चालत नाही. लाकडी, लोखंडी की शटर? याच्यापुढं मोबाईल सरकतच नाही."

"पण जे न्हाईच त्याचा प्रकार कसा सांगू?"

योगेशने आत डोकावून पाहिलं. बाज, बाटल्या, हार. "म्हणजे शटर वर केलेलं आहे," तो म्हणाला आणि त्याने बोट दाबलं.

त्या एका बोटाने घराचा गाळा झाला. पुढची खोली दुकान, स्वयंपाकघर गोदाम आणि मागची न्हाणी 'कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह'. (कर्मचारी म्हणजे सासूबाई.) घरपट्टी आली ती दुकानाच्या दराने. माधुरीने आकडा दोनदा वाचला. म्हणजे शनिवारचं सगळं तेल सरकारच्या घशात ओतायचं आणि पोरीला काय पाजायचं? ती जेवढी घाबरली तेवढीच चिडली, आणि चिडली की तिच्या हातून भांडी आपटली जातात. एक पातेलं त्यात कामी आलं.

नवरा कल्याण साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. दिवसभर दुसऱ्याचा ऊस तोलून आल्यामुळे घरी त्याचं बोलणं सहसा बिनवजनाचं असायचं.

"हरकत घ्यायला मुदत हाय," तो म्हणाला. "पुंजाराम सुताराकडनं तासाभरासाठी एक लाकडी दार आणतो, म्हंजे शटर खोटं ठरंल. फोटो काढला की परत."

सासूबाई, कडूबाई, ओट्यावरून कडाडल्या. "या चौकटीला बिजागरी लागली तर मी अन्न सोडीन!"

"आये, लावायचं न्हाई. मी आतनं धरून उभा राहतो."

"धर. पन देवानं इचारलं तर मी तुझं नाव सांगनार."

योगेश आला तेव्हा दार चौकटीत उभं होतं आणि दारामागे कल्याण. फोटो झाला.

"आता उघडून दाखवा."

माधुरी दाराच्या आडवी आली. "ते... आतनं कडी हाय."

"आत कोण आहे?"

"कुनी न्हाई!"

"मग कडी कुणी घातली?"

"माझा ल्योक हाय आत," कडूबाई म्हणाल्या. "पन आमी त्याला कुनी न्हाईतच धरतो."

दार रागाने थोडं हललं. योगेशने "सुताराने तिरपं बसवलंय" असा शेरा मारला, पिशवीतून पत्र्याची पाटी काढली आणि दारावर खटाखट ठोकली. पाटीवर घराचा नंबर आणि चौकोनी ठिपक्यांचा कोड. "ही काढायची नाही. काढली तर दंड. यावर मोबाईल धरला की घरबसल्या घरपट्टी भरता येते."

गाळ्याचं पुन्हा घर झालं. माधुरीने त्याला आल्याचा चहा पाजला.

पण पुंजाराम दार परत घेईना. "नंबर पडलेलं दार कोन घेईल, वहिनी? उद्या घेनाऱ्याला तुमची घरपट्टी यायची!" दार विकत घ्यावं लागलं. कडूबाई ते घरात येऊ देईनात, आणि पाटीमुळे फोडून चुलीतही घालता येईना. ज्या वस्तीत कुणाकडे दार नाही तिथे माधुरीकडे एक जास्तीचं झालं.

मग तिनेच डोकं चालवलं. (इथे थांबली असती तर बरं झालं असतं.) रस्त्याकडेला विटा रचून त्यावर दार आडवं टाकलं आणि बाटल्या मांडल्या. घरात दुकान म्हणायची आता कुणाची हिंमत? पाटीसुद्धा पुसून लख्ख केली.

शनी अमावास्येला गर्दी लोटली. "कोड कुठाय, ताई?" कुणीतरी विचारलं. पोरगी कडेवर, हातात हाराचा दोरा. माधुरीने हनुवटीने नुसतं दाराकडे दाखवलं. तिच्या पैशांच्या कोडचा कागद बाटल्यांमागे होता. लोकांना समोरची लख्ख पाटी दिसली. मोबाईल धरायचे, हिरवी खूण दाखवायचे, "गेले बघा." आणि माधुरी खूण बघून मान हलवायची.

सांजच्याला खात्यात काहीच नव्हतं. कल्याणने पाटीवर मोबाईल धरला आणि जमा झालेला आकडा वाचला. "अगं, आपली पोरगी लग्नाला येईस्तवर घरपट्टी भरून झाली!"

दोन दिवसांनी योगेश स्वतःच आला. माधुरी त्याच्यावर धावूनच गेली. "माजं तेलाचं पैसं परत करा!"

"पट्टीचे पैसे परत येत नसतात, ताई. उलट वरून विचारणा झालीय. पुण्याची, नाशिकची, सुरतेची माणसं या घराची पट्टी भरतात. मग ती इथं राहत असली पाहिजेत."

"राहतील कशाला? तेल घेऊन गेली ती!"

"तसा पर्याय नाही," योगेश म्हणाला आणि त्याने बोट दाबलं.

घराचं लॉज झालं. दर गाळ्याहून चढा. तो गेल्यावर माधुरी कितीतरी वेळ सरकारला, मोबाईलला आणि नवऱ्याला आलटून पालटून बोलत राहिली. आतून कडूबाईंचा आवाज आला.

"सूनबाई, लॉज हाय म्हनं आपलं?"

"व्हय, आत्या!"

"मग माज्यासारखं गिऱ्हाईक इतका वेळ बिनचहाचं बसवत्यात व्हय गं?"

माधुरी पोरीला कडेवर घेऊन चहा टाकायला उठली.