पहिल्या पानावरची दाढ

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना चांगला चालला होता, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या भाच्याला खटकली. भाचा शब्दतज्ज्ञ होता. माणसं इंटरनेटवर कोणते शब्द टाइप करून शोध घेतात ते हेरायचं आणि तेच शब्द गिऱ्हाइकाच्या वेबपानावर पेरायचे, म्हणजे शोधयादीत ते पान वर सरकतं, असा त्याचा व्यवसाय. मामा एवढे नावाजलेले, आणि यादीत कुठे, तर बंद पडलेल्या एका गिरणीच्याही खाली. हे त्याने जेवताना सांगितलं तेव्हा मामांनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

मामी दवाखान्यात नावं नोंदवून घेत. आपल्याकडची माणसं जिना चढून येतात, यादीतून येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. पण गिरणीचा घाव खोल गेला होता.

डॉक्टरांचं जुनं पान मामींनीच लिहिलेलं होतं. ‘दातांचा दवाखाना. पोस्टासमोर, पहिला मजला. रविवारी बंद, पण फारच ठणकत असेल तर बेल वाजवा.’ भाच्याने ते वाचून मान हलवली. पानाची प्रकृती तोळामासा आहे, त्यात मुख्य शब्दच नाही, असं निदान करून त्याने उपचार सुरू केले. दुसऱ्या दिवशी पान असं झालं: ‘दातदुखी असलेल्या दातदुखीग्रस्तांनो, आपली दातदुखी ही निव्वळ दातदुखी नसून दातदुखीच आहे. दातदुखीतज्ज्ञांकडून दातदुखीवर दातदुखीमुक्ती.’

चित्रांच्या नावांतही मुख्य शब्द हवा, असा नियम निघाला. त्यानुसार डॉक्टरांच्या हसऱ्या फोटोचं नाव ‘जुनाट दातदुखी’ असं ठेवण्यात आलं. एवढं एक काम मात्र पोरानं चोख केलंय, असं मामी म्हणाल्या.

पान वर सरकलं. डॉक्टर सकाळी तोंड धुण्याआधी यादी बघू लागले. गिरणी मागे पडली, पण पहिला क्रमांक काही मिळेना. भाच्याने खोलात जाऊन शोध लावला की दात दुखणारा माणूस डॉक्टर शोधतच नाही. डॉक्टर कसा टाळता येईल, ते शोधतो. तेव्हा ‘घरगुती उपाय’ हे शब्द घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पानावर लवंग आली, मिठाचं पाणी आलं, गालाला लावायचा बर्फ आला. लोकांनी पान भक्तिभावाने वाचलं, दाढेखाली लवंग धरली आणि ते घरीच बसले. दवाखान्यातली बाकं ओस पडू लागली. पानाला दिलेल्या भेटींचा आलेख मात्र असा काही चढला की भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग निरुपयोगी शब्दांची छाटणी झाली. ‘बंद’ हा शब्द नकारात्मक म्हणून गेला. ‘बेल वाजवा’ गेलं, कारण त्यामुळे पानावर भलतीच, बेल विकत घेणारी माणसं येत होती. राहता राहिला पत्ता.

“मामा, ‘पोस्टासमोर, पहिला मजला’ असं जगात कुणीही शोधत नाही,” भाचा म्हणाला. “फुकट जागा अडलीय.”

“अरे, पण लोक येणार कुठे?”

“पानावर.”

यावर डॉक्टरांना काही सुचेना, आणि ज्यावर काही सुचत नाही ते पटलं असं समजण्याची त्यांना सवय होती. पत्ता गेला. त्या जागी, मागणी जास्त म्हणून, केस गळणे, वजन घटवणे आणि घरबसल्या नोकरी हे विषय घेण्यात आले. त्याच आठवड्यात पान पहिलं आलं. आलेखाला चौकट करून तो रुग्णांच्या खोलीत टांगला गेला. बघायला तिथे मामींखेरीज कुणी नव्हतं, आणि मामींनी त्याच्याकडे पाठ करून खुर्ची लावली.

अशातच डॉक्टरांची स्वतःची उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली. माणूस स्वतःची दाढ स्वतः काढू शकत नाही. या बाबतीत डॉक्टर आणि रुग्ण समान आहेत. कळ मस्तकात गेली तेव्हा त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. पहिलं आलं त्यांचंच पान. ते त्यांनी आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत वाचलं. लवंग धरली, बर्फ लावला, केसांचंही एकदा वाचून झालं. शेवटी लिहिलं होतं, ‘दातदुखी न थांबल्यास त्वरित अनुभवी डॉक्टरांना भेटा.’ कुठे भेटा, ते नव्हतं.

“अहो, समोर पोस्टाच्या वरच्या मजल्यावर दातांची नवी डॉक्टरीण आलीय,” मामी म्हणाल्या. “तिचं पान नाही. पाटी आहे.”

पाटीवर ‘दात. वर या.’ एवढंच होतं. डॉक्टर गाल धरून वर गेले आणि दारातच थबकले. बाकांवर सगळी त्यांचीच माणसं बसली होती. एका आजींनी सरकून त्यांना जागा दिली. “दवाखाना मोडलात म्हणे,” त्या हळहळून म्हणाल्या. “नातवाने तुमचं पान बघितलं. पत्ता दिसेना, आणि नोकरीचं काही तरी होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही ती शोधताय.”

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाढ निघाली, पण ठणका गेला नाही. घरी येऊन त्यांनी पानाच्या मध्यावर, केस आणि वजन यांच्यामध्ये, स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘आमचा दवाखाना चालू आहे. पोस्टासमोर, पहिला मजला. कृपा करून या.’ पानावर लोंढेच्या लोंढे येऊन गेले. जिना मात्र कुणीही चढलं नाही. महिनाअखेरीस मामी समोरच्या दवाखान्यात नावं नोंदवायला जाऊ लागल्या.

“मधलं कुणी वाचत नाही, मामा,” भाचा म्हणाला. “मथळा बघतात आणि थेट तळाला उतरतात. अख्खं वाचणारा माणूस आता उरलेला नाही.”

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा अडून बसले. असा माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं. वाद वाढला आणि शेवटी पैज लागली. त्यांची ही हकीगत कुणी तरी लिहायची, आणि ती वाचलेला एक जण जरी तिच्या मधल्या भागावरच्या एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकला, तर भाचा पत्ता पहिल्या ओळीत परत टाकणार. नाही तर दवाखान्याला कुलूप.

तेव्हा वाचकहो, डॉक्टरांची सगळी भिस्त आता तुमच्यावर आहे. त्यांची कोणती दाढ दुखत होती? वर जाऊन बघायचं नाही.