तोंडावरचा हात

चाचणीच्या दुसऱ्या कार्यक्रमात भिंत फुटबॉलवर अठ्ठावीस मिनिटं बोलला आणि चांगलं बोलला. अडचण एवढीच होती, की त्यातली सव्वीस मिनिटं त्याचा उजवा हात त्याच्या तोंडावर होता. पहिल्या कार्यक्रमात पंचवीस मिनिटं होता, म्हणजे प्रगती झाली होती, पण उलट्या दिशेने.

'भिंत' हे त्याचं मैदानावरचं नाव. अठरा वर्षं तो बचावफळीत उभा राहिला आणि समोरून येणारा प्रत्येक जण त्याच्यावर येऊन आदळला, म्हणून प्रेक्षकांनी ते ठेवलं. पुढे पुढे त्याची आईसुद्धा फोनवर "भिंत घरी नाहीये, मैदानावर गेलाय," असं बिनदिक्कत सांगू लागली. मग गुडघ्याने राजीनामा दिला आणि भिंत घरी बसला. पण या अठरा वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पत्रकार नेहमी गोल मारणाऱ्यांच्या मागे धावायचे. खरं तर सगळ्यांच्या मागे उभं राहिल्यामुळे सगळा खेळ त्यालाच नीट दिसायचा आणि तो कुणाला तरी समजावून सांगावा, ही त्याची जुनी भूक होती. म्हणून क्रीडावाहिनीने तीन कार्यक्रम चाचणीदाखल दिले, तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं, की आता काही झालं तरी ही खुर्ची सोडायची नाही.

तीनपैकी दोन झाले होते. निर्मातीने त्याला केबिनमध्ये बोलावून दुसऱ्याचं चित्रण लावलं.

"हे काय आहे?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"मी."

"आणि हा?"

"माझा हात."

"तोंड कुठंय?"

"त्याच्या मागे आहे, मॅडम."

निर्मातीने त्याच्यापुढे एक पत्र सरकवलं. एका आजोबांनी लिहिलं होतं, की मला ऐकू येत नाही, मी ओठांवरून बोलणं ओळखतो. गेले दोन शनिवार मी आपल्या निवेदकाची फक्त नखं पाहिली, ती स्वच्छ आहेत.

भिंतीने मग सगळं सांगून टाकलं. मैदानावर कॅमेरे ओठ टिपतात आणि ते वाचणारे लोकही असतात. कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी तो शेजारच्या खेळाडूशी प्रशिक्षकाबद्दल चार शब्द बोलला होता. ते चारही शब्द दुसऱ्या दिवशी पेपरात आले आणि पुढचे अकरा सामने भिंतीने राखीव बाकड्यावर बसून पाहिले. तेव्हापासून कॅमेरा दिसला, की हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोंतही तो तसाच होता. पाहुण्यांना वाटलं, नवरदेवाचा दात दुखतोय.

"शनिवारचा कार्यक्रम थेट प्रक्षेपण आहे," निर्माती म्हणाली. "तोंड दिसलं तर सोमवारी करारावर सही. हात दिसला तर आमच्याकडे हवामान सांगणारी बाई आहे. तिलाही फुटबॉल आवडतो."

"पाहुणा कोण आहे?"

"कोल्हा."

भिंतीचा हात पुन्हा वर गेला. या वेळी कॅमेरा नव्हता, पण कारण होतं. कोल्हा म्हणजे विरुद्ध संघाचा आघाडीपटू. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला त्याने उडी मारून डोक्याने गोल केला आणि चषक नेला, असं सगळं जग म्हणायचं. भिंत त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने कोल्ह्याचा हात चेंडूला लागताना पाहिला होता. तो पंचांच्या अंगावर ओरडत गेला, लाल कार्ड घेऊन बाहेर आला आणि 'भिंत खचली' असा मथळा त्याच्या नशिबी आला. पराभव पचवता न आलेला माणूस, अशी त्याची ओळख झाली. कोल्ह्याचं कपाळ मात्र गाजलं. डोकेदुखीच्या एका गोळीच्या जाहिरातीतसुद्धा ते झळकत होतं.

"चालेल," भिंत म्हणाला, बोटांच्या फटीतून.

घरी येऊन त्याने कंबर कसली. त्याची बायको दातांची डॉक्टर होती. "दिवसभर मी अनोळखी लोकांना आ करायला लावते," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या नवऱ्याचं तोंड मला टीव्हीवर बघायला मिळू नये? बस समोर."

तिने मोबाइल त्याच्यावर रोखला. हात वर गेला. "खिशात घाल," ती म्हणाली. त्याने उजवा खिशात घातला, तर डावा आला. दोन्ही खिशांत घातले, तर मान वळून तोंड खांद्याआड गेलं. मग तो हातांवर बसला. तेव्हा तो इतका वाकला, की त्याचं तोंड थेट गुडघ्यांमागे गेलं आणि तिथून त्याने बचावफळीचं महत्त्व सांगितलं.

"तुझ्या हातांना काम हवंय," बायको शेवटी म्हणाली. "टेबल धर. दोन्ही हातांनी, खालून, घट्ट."

जेवणाचं टेबल अस्सल लाकडाचं होतं. ते घरात आणायला चार माणसं लागली होती आणि चौथा नंतर आठवडाभर वाकून चालत होता. भिंतीने त्याची कड पकडली. मोबाइल वर झाला. भिंतीच्या दंडाच्या शिरा फुगल्या, टेबल जरा कुरकुरलं, पण हात जागचे हलले नाहीत. तोंड दिसलं. बायकोने ते नीट निरखून "खालची दाढ दाखवून घे एकदा," असं सांगितलं, पण ती खूश होती.

चार दिवस त्याने घाम गाळला. सकाळी एक तास, संध्याकाळी दीड. कुटुंब त्याच्या आजूबाजूला जेवत होतं आणि तो टेबल धरून वरणभाताच्या पातेल्याला खेळातल्या खाचाखोचा सांगत होता.

"तिथलं टेबल कसलं आहे, बघितलंस का?" आईने विचारलं.

"टेबल ते टेबल, आई."

आईला ते पटलं नाही. अठरा वर्षं मुलाचे सामने बघून तिला एवढं कळलं होतं, की एका बचावपटूवर विसंबून चालत नाही, मागे दुसरा लागतो. शनिवारी दुपारी तिने कपाटातून छोटी बाटली काढली. नखं खाणाऱ्या आणि अंगठा चोखणाऱ्या मुलांसाठी औषधांच्या दुकानात मिळते, तसली, कडूजहर औषधाची.

"हात पुढे कर."

"आई, मी अडतीस वर्षांचा आहे."

"चार वर्षांचा होतास तेव्हाही असाच वाद घातला होतास. याच्यानेच सुटला तुझा अंगठा."

भिंतीने हात पुढे केले. आईने दोन्ही तळव्यांवर ब्रशने तीन थर चढवले आणि फुंकर मारून वाळवले. निघताना त्याने चुकून मिशीला हात लावला आणि गाडीत बसेपर्यंत तो थुंकत होता.

स्टुडिओतलं टेबल पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. काळंभोर, चकचकीत, संगमरवरी शिळा असावी तसं. त्यावर पाण्याचे दोन ग्लास आणि शोभेला एक फुटबॉल ठेवला होता. हेच टेबल सकाळी पाककृतींना आणि दुपारी बातम्यांना लागायचं आणि ते ने-आण करणाऱ्या बाई एका हाताने उचलायच्या, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ती पातळ फळी होती आणि तिच्यावर संगमरवरी कागद चिकटवलेला होता.

कोल्हा आला. केस मागे वळवलेले, कपाळ मोकळं. तो टेबलाच्या पलीकडे बसला. एका बाईंनी दोघांच्या कॉलरला बारके माइक लावले.

"अजून राग आहे होय रे?" कोल्ह्याने विचारलं.

"नाही," भिंत म्हणाला. हे खोटं होतं. तो आतून नुसता खदखदत होता. पण आज त्याला भांडायचं नव्हतं, तोंड दाखवायचं होतं. त्याने टेबलाची कड खालून घट्ट पकडली. कोल्ह्याच्या खांद्यामागच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला.

हात वर निघाले. भिंतीने ठरवल्याप्रमाणे टेबल सोडलं नाही. त्यामुळे टेबलही निघालं.

"प्रेक्षकहो, नमस्कार," टेबल म्हणालं. घरोघरी लोकांना एक काळी चकचकीत फळी दिसत होती आणि तिच्यावर दोन डोळे.

"टेबल खाली ठेवा," कानातल्या यंत्रातून निर्माती म्हणाली.

"ठेवतोय, मॅडम," टेबल म्हणालं.

पण तोवर ते कोल्ह्याच्या बाजूला चांगलंच कललं होतं. पाण्याचे दोन्ही ग्लास घसरत गेले आणि कोल्ह्याच्या मांडीवर रिकामे झाले. त्यांच्या मागोमाग फुटबॉल उसळी घेऊन त्याच्या कपाळाच्या दिशेने निघाला. कोल्हा मांडीकडे बघत होता. चेंडू त्याला अखेरच्या क्षणी दिसला आणि विचार करायला वेळ न मिळाल्यामुळे त्याने तेच केलं जे त्याला आपोआप यायचं. त्याने डोकं पुढे केलं आणि कानाजवळून हळूच हाताने चेंडू फटकावला.

भिंतीच्या हातून टेबल सुटलं. मोकळा झालेला हात सरळ तोंडावर गेला.

"अस्साच," तो हाताआडून म्हणाला. "तेव्हाही अस्साच मारला होतास."

तोंड झाकून बोलणारा खेळाडू समोर आला, की दुसरा खेळाडूही तोंड झाकतो. कोल्हा काही वेगळा नव्हता. त्याचाही हात वर गेला आणि त्या आडोशाला आल्यावर त्याला बावीस खेळाडूंच्या मध्ये, भर मैदानात असल्यासारखं निर्धास्त वाटलं असावं.

"मग काय करणार होतो?" तो पुटपुटला. "डोकं पोचतच नव्हतं. चार बोटं कमी पडत होतं."

भिंतीच्या कानातलं यंत्र खरखरलं. मग निर्मातीचा आवाज आला, पण तो वेगळाच होता. "हात काढू नका. तसाच ठेवा. पुढे विचारा."

भिंतीच्या लक्षात आलं, की माइक कॉलरला आहेत आणि कॉलर हाताच्या खाली आहे. कोल्ह्याच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. त्याला एका शब्दाने थांबवता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीने समोरून येणारं काही अडवलं नाही.

"पंचांना दिसलं नाही?" त्याने विचारलं.

"ते तुझ्याकडे बघत होते. तू आधीपासूनच ओरडत होतास ना."

"आणि ती डोकेदुखीची गोळी?"

"डोकं दुखायला ते चेंडूला लागायला नको का?"

दोघं अकरा मिनिटं तसेच बोलत राहिले. आईचे तीन थर एव्हाना ओठांवर उतरले होते. जीभ पार कडू पडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मॅडमनी सांगितलं होतं हात काढू नका, आणि भिंत निर्धाराने बसून राहिला. नऊ वर्षांनी न्याय मिळालेला माणूस रडतोय, असं प्रेक्षकांना वाटलं. ते पाणी औषधाचं होतं, असं तो अजूनही सांगतो. निम्मं होतं.

"बरं वाटलं रे," शेवटी कोल्हा म्हणाला. "छातीवरचा दगड उतरला. आपल्यातच ठेव हं हे."

भिंतीने त्याच्या कॉलरकडे पाहिलं. मग कोल्ह्यानेही पाहिलं. त्याचा हात सावकाश तोंडावरून निघाला आणि कपाळावर गेला.

सोमवारी निर्मातीने करार पुढे ठेवला. कार्यक्रमाचं नाव ठरलं होतं 'हाताआड'. दर शनिवारी एक जुना खेळाडू येणार आणि दोघं तोंडावर हात ठेवून बोलणार. "त्या आजोबांसाठी खाली अक्षरं टाकू," ती म्हणाली. "बाकी एकच अट आहे. हात कमीत कमी वीस मिनिटं तोंडावर हवा. पाहुणे तुमच्याकडे बघूनच झाकतात. तुम्ही नाही झाकलंत, तर ते खरं बोलणार नाहीत."

"त्याची काळजीच सोडा, मॅडम," भिंत म्हणाला आणि त्याने सही ठोकली.

घरी त्याने करार टेबलावर ठेवला. बायकोने गंमत म्हणून मोबाइल वर केला. भिंतीचा हात निघाला, हनुवटीपर्यंत आला, तिथे थबकला आणि मागे फिरला. भिंतीचं नाक आक्रसलं होतं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. हात पुन्हा अर्ध्यातून परतला. तळवे त्याने दोन दिवसांत वीस वेळा धुतले होते, पण ती चव काही डोक्यातून जात नव्हती.

"अरे, कर ना वर," बायको म्हणाली.

"जात नाहीये."

"शनिवारी कार्यक्रम आहे."

"माहितीये मला. पाच दिवस आहेत. सकाळी एक तास, संध्याकाळी दीड." त्याने खुर्ची ओढली, पाय रोवून बसला आणि दात दाखवत कॅमेऱ्याकडे बघू लागला. बायकोला त्याचं अख्खं तोंड दिसत होतं, त्या खालच्या दाढेसकट.

आई उठली. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला आणि ती वाटीत साखर घेऊन बाहेर आली.

"हात पुढे कर," ती म्हणाली.

भिंतीने केला.