कोठीचा दम

बाळाच्या दुपट्यावर लाकडाचा भुसा सापडला आणि सारजाबाईंनी मागच्या खोलीला कुलूप ठोकलं. किल्ली कमरेला खोचली. उत्तरेश्वर मास्तर पाळण्याची अर्धवट घासलेली दांडी हातात धरून अंगणात उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

आता मास्तरांचीही बाजू ऐकायला हवी. कळंबात जन्मभर विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि त्यांना सुतारकामाचा नाद लागला. त्यात लेक शिवांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नातीचं बारसं परवावर आलं होतं आणि तिनं आजोबांच्या हातच्या पाळण्यात निजावं, एवढीच त्यांची हौस. सागाचा पाळणा तयार होता, फक्त घासून गुळगुळीत करायचा राहिला होता. पण घासणं आलं की भुसा आलाच.

त्यावरही मास्तरांनी तोडगा काढला होता. मोबाईलवर व्हिडिओ बघबघून त्यांनी पत्र्याचं भलंमोठं नरसाळं करून घेतलं, खाली घरातली ज्वारीची रिकामी कोठी ठेवली आणि वर मोटार बसवली. मोटारीनं हवा ओढायची, भुशानं नरसाळ्यात गरगर फिरून कोठीत पडायचं आणि खिडकीतून नुसती स्वच्छ हवा बाहेर जायची. यंत्राचं नाव सायक्लोन. प्रत्यक्षात कोठी राहायची कोरडी ठणठणीत, आणि भुसा खिडकीवाटे सगळ्या आळीत.

"लोकांची वादळं समुद्रावर येत्यात," सारजाबाई म्हणाल्या, "आमचं न्हाणीशेजारी आलंय! जावईबापूंना सांगा, धाराशिवहून लोखंडी पाळणा आणत्याल. अन् हे घाला भंगारात."

"विकतचा पाळणा? माझ्या नातीला?" मास्तरांचा आवाज कापला. "अगं, कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतीय, म्हणून भुसा खाली बसत न्हाय. ती फट सापडली की झालं. संध्याकाळपर्यंत दे मला."

नवऱ्याचा असा आवाज सारजाबाईंनी लेकीच्या पाठवणीनंतर ऐकला नव्हता. त्यांनी कुलूप उघडून दिलं, किल्ली मात्र कमरेलाच ठेवली. "दिवेलागणीपर्यंत. मग एक कण जरी दिसला, तर जावईबापूंना फोन."

मोटार घरघरली तसे शेजारचे बाबामियाँ आले. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांची बिर्याणी त्यांच्या हातची. त्यांनी कोठी वरून खालून न्याहाळली आणि निदान करून टाकलं.

"मास्तर, तुमच्या हंडीचा दम निघून चाललाय. झाकणाला कणीक लावा. वाफ काय, वाफेचा बापबी बाहेर येणार न्हाय."

"बाबामियाँ, आपल्याला बाहेरचं आत येऊ द्यायचं न्हाय."

"एकच की! बंद म्हंजे बंद."

विज्ञानाला यात काही खोट काढता येईना. मास्तरांनी स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेची परात हळूच आणली. बाबामियाँनी झाकणाच्या कडेनं असा झकास पट्टा लिंपला, की कोठी आता जाळावर ठेवतात की काय असं वाटावं. मोटार लावली. मास्तरांनी दांडी घासायला घेतली. खिडकीतून भुशाचा लोट निघाला आणि शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या शरणम्मांच्या कुरडयांवर जाऊन बसला.

मोटार बंद केली तर आत बाळानं टाहो फोडला.

"बघा! तुमच्या मशीनला पोर भ्याली!" आतून सारजाबाई ओरडल्या.

मास्तरांनी मग शेवटचा उपाय काढला. मोटार पुन्हा चालू करून उदबत्ती पेटवली. जिथं फट असेल तिथं धूर आत ओढला जाणार! उदबत्ती धरून, भिंत आड आली की माघारी वळत ते कोठीभोवती फिरू लागले, आणि मागून बाबामियाँ. तेवढ्यात भांडायला म्हणून पदर खोचून शरणम्मा आल्या. समोरचा देखावा बघून त्यांनी दारातच चपला काढल्या.

"कुठला देव बसविला म्हणायचा, मास्तर?"

"देव न्हाय हो, फट शोधतोय."

"नवसाला पावतो का?"

मास्तर उत्तर देईपर्यंत शरणम्मांनी आत जाऊन हळदीकुंकू आणलं, कोठीला वाहिलं आणि कुरडयांचं नावही न काढता घरी गेल्या. त्यांच्या मागोमाग सारजाबाई रिकामी परात घेऊन आल्या. कोठीच्या गळ्यात रात्रीच्या पोळ्या!

"आता रातच्याला कोठी चावायची का?"

मास्तर मटकन पाटावर बसले. दिवेलागण व्हायला आली होती. इतकी वर्षं हवेचा दाब पोरांना शिकवला आणि आपल्याच घरात त्यानं आपल्याला चीत केलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. उदबत्ती धरलेला हात खाली लोंबला.

आणि धूर वर जायचा सोडून वाकला. जमिनीलगत सरपटत कोठीच्या मागं, भिंतीकडं शिरला.

"सापडली!" मास्तर पालथे पडले आणि त्यांनी कोठीमागं हात घातला. हाताला लागलं ते चौकोनी दार. ज्वारी काढायचं दार! अवघं आयुष्य जिथून ज्वारी काढली तेच दार, सताड उघडं. दिसायला बरं दिसत नाही म्हणून त्यांनी स्वतःच ती बाजू भिंतीकडं केली होती.

"कोठी नेताना म्या म्हणलं न्हवतं, खालचं दार बघा म्हणून?" सारजाबाई म्हणाल्या. "तर तुमी काय म्हणला? मला विज्ञान शिकवू नको."

मास्तरांनी न ऐकल्यासारखं करून कोठी भिंतीपासून पुढं ओढली. सारजाबाईंनी परातीला चिकटलेली कणीक खरवडली, गोळा केला आणि दार लावून त्यावर थापला. "घ्या. लावा मोटार."

मोटारीचा आवाजच बदलला. घुंऽऽ, भरल्या पोटाचा. मास्तरांनी दांडी घासली, पाळण्याच्या बाजू घासल्या. बाबामियाँनी आपला पांढरा रुमाल खिडकीला धरला. रुमाल पांढराच राहिला! कोठीत भुशाचा ढीग पडला होता.

"क्या दम लगा है!" बाबामियाँ गरजले. मास्तरांनी त्यांना मिठी मारली. त्या रात्री घरात खिचडी झाली आणि कुणी कुरकुरलं नाही.

बारशाला पाळणा फुलांनी सजला. आळीतल्या बाया त्याच्यावरून हात फिरवून "गुळगुळीत केलाय, बाई" म्हणत होत्या आणि मास्तर ऐकू आलं नाही असं दाखवत प्रत्येकीजवळ दोनदा जात होते. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि त्यानं भोकाड पसरलं. पाळणागीत झालं, खुळखुळा झाला, शरणम्मांनी दृष्ट काढली. बाळ लालबुंद.

"विकतचा आणला असता तर..." जावईबापूंकडची कुणीशी पुटपुटली. मास्तरांचा चेहरा पडला.

सारजाबाईंनी तो पाहिला. एकदम काहीतरी आठवून त्या ओरडल्या, "अहो, बघत काय बसलाय? ते वादळ चालू करा!"

मास्तर धावले. मागून घुंऽऽ सुरू झालं. बाळानं एक हुंदका दिला, मूठ तोंडात घातली आणि झोपून गेलं. पुटपुटणाऱ्या बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि बायांनी उरलेली गाणी मोटारीच्या सुरात सूर मिसळून म्हटली.

दुसऱ्या दिवशी मास्तर मागच्या खोलीत मोटार लावून केर काढत होते. पाळणा झाला, आता कुलूप लागणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. सारजाबाई दारात आल्या आणि कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"ठेवा तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या. "पोरगी उद्या चालायला लागंल. पांगुळगाडा नको व्हय? अन् मोटार इतक्यात बंद करू नका. आत्ताच निजलीय."