पंखातलं बियाणं

"धरलं काय?"

"धरलं."

"घट्ट धर. मांगच्या खेपेले ठोकया निसटला अन रिबीट वाकडं बसलं."

"मारा ना मंग. मी इथं आत घामानं भिजून राह्यली अन तुमी बाहेरून गप्पा हाणून राह्यले."

रिठदच्या इंद्रभानच्या गोठ्यातून असा संवाद वर्षानुवर्षं ऐकू येत असे. बैल बाहेर छपरात बांधलेले आणि गोठ्यात विमान. इंद्रभान बाहेरून हातोडी मारायचा आणि त्याची बायको भागिरथा विमानाच्या पोटात, नाहीतर पंखाच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून, रिबिटामागे लोखंडी ठोकळा धरून ठेवायची. मागे ठोकळा नसला तर रिबीट बसत नाही, पत्राच चेमटतो. त्यामुळे विमान बाहेरून इंद्रभानला जेवढं माहीत होतं तेवढंच आतून भागिरथेला माहीत होतं.

इंद्रभानने नागपूरकडे लष्करी विमानांच्या दुरुस्तीत पत्रा जोडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. पेन्शन घेऊन गावी आला, पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचं दुकान टाकलं आणि उरलेल्या वेळात, नकाशा समोर ठेवून, गोठ्यात स्वतःचं विमान बांधायला घेतलं. गावाची समजूत अशी, की तो तिकडे विमानं उडवत होता. त्याने ती समजूत कधी मोडली नाही. आयुष्यात तो बऱ्याच विमानांत बसला होता, पण प्रत्येक वेळी विमान जमिनीवर उभं होतं. आणि खरं सांगायचं तर विहिरीच्या काठावरून खाली डोकावलं तरी त्याला घेरी यायची.

एकदा ठोकळा धरल्या धरल्या भागिरथेने विचारलं होतं, "याच्यात दोघं बसतात काय?"

"नाही. इंजिनाले नाही झेपत."

"एवढं मोठं हाय तं?"

"तुले त्यातलं काय समजते? एका मानसाचंच वजन हाय त्याचं."

भागिरथेने तो विषय पुन्हा काढला नाही. ठोकळा मात्र धरत राहिली.

१९७६च्या दसऱ्याआधी भागिरथेचा मोठा भाऊ दौलतराव आसेगावहून आला. दौलतरावाला मेव्हण्याची चेष्टा करण्यात जेवणापेक्षा जास्त गोडी होती. चहाच्या हॉटेलात चार माणसं बघून त्याने विषय काढला.

"पाव्हणे, हे तुमचं विमान उडते काय नुसतं अंडे देते?"

इंद्रभान चिडला, आणि चिडलेला माणूस जे बोलतो तेच बोलला. "यंदाचं सीमोल्लंघन मी विमानानं करीन. वरूनच शीव ओलांडीन."

"अन नाही उचललं तं?"

"तं पत्रा कापून गावाले कोठ्या करून देईन. सारा पत्रा."

बोलून झाल्यावर त्याला आपल्या शब्दांचं वजन कळलं. पण चार माणसांत बोललेलं परत कसं घ्यायचं? दुसऱ्याच दिवशी तो इंजिनाचा एक भाग दुरुस्त करायला नागपूरला गेला.

आणि तो नागपुरात असतानाच घरात उंदीर शिरले.

त्या साली रिठदमध्ये उंदरांनी कहर केला होता. भागिरथेने पेरणीसाठी राखून ठेवलेला गहू कणगीत होता, तिला खालून भोक पडलं. दुकानात पत्र्याच्या कोठ्या होत्या, पण त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. खायचं धान्य गेलं तर मागून आणता येतं, बियाणं गेलं तर वर्ष जातं. भागिरथा डोक्याला हात लावून गोठ्यात बसली आणि समोर तिला पंख दिसले. गुळगुळीत पत्रा, उंदराचं नख लागायचं नाही. आत पत्र्याचेच आडवे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला हात घालण्यापुरतं गोल झाकण. हे सगळं तिने स्वतः ठोकळा धरून उभं केलेलं.

पंखाच्या खालच्या अंगाला पाणी निचरायला बोटभर भोकं होती. ती तिने कणगी लिंपतात तशी शेणमातीने लिंपली, लिंबाचा पाला टाकला आणि गहू ओतला. बैलगाडी भरताना एका बाजूला ओझं होऊ देत नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून अर्धा गहू या पंखात आणि अर्धा त्या पंखात घातला.

शेजारच्या गोजराबाईने कुडाच्या फटीतून हे पाहिलं.

"काय वो भागिरथे, माह्या हरभऱ्यानं काय पाप केलं?"

गोजराबाईचा हरभरा दोन्ही पंखांत शेजारच्या कप्प्यांत गेला. गोजराबाईच्या पोटात गोष्ट राहत नसल्याने संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया करडई घेऊन आल्या. "इंद्रभानभाऊ यायच्या आंधी काढून घेऊ," असं सगळ्यांनी कबूल केलं. पण इंद्रभान दसऱ्याच्या सकाळीच, सांगितलेल्या वेळेच्या आधी, येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग सगळं गाव गोठ्यात शिरलं. तिफण, वखर, विळे यांची पूजा झाली, तशी विमानाचीही झाली. नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ चढली. बाया दारात घोळका करून एकमेकींकडे बघत होत्या. प्रत्येकीचा नवरा तिथेच होता, त्यामुळे एकीनेही तोंड उघडलं नाही.

"आज नका ना नेऊ," भागिरथा हळूच म्हणाली. "उद्या न्या."

"उद्या काय दसरा हाय?"

गडीमाणसांनी विमान ढकलायला घेतलं. ज्याच्या शेतात विमान पळवायचं होतं तो म्हातारा जानराव म्हणाला, "लयच जड झालं रे बाप्पा. मांगं तं दोघंजण हालवत होते."

"रंग दिला ना," इंद्रभान म्हणाला. "रंगालेई वजन असते."

जानरावाचा तो लांबोडा तुकडा वखरून, फळी फिरवून तयार होता. टोकाला नाला, एका बाजूला पुरुषभर उंचीची ज्वारी आणि ज्वारीच्या पलीकडे रस्ता. गाव रस्त्यावर उभं राहिलं. इंद्रभान आत बसला, इंजिन सुरू झालं, विमान नखशिखांत थरथरलं, आणि वाळलेली शेणमाती एकेका भोकातून गळून पडली.

रस्त्यावरून ते कोणाला दिसलं नाही. शेताच्या कडेला थांबलेल्या भागिरथेला मात्र पंखाखालून गव्हाची धार लागलेली दिसली. तिने कोणाची तरी टोपली उचलली आणि ज्वारीच्या आडून, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधावरून, विमानाच्या मागे पळत सुटली.

गावाला दिसलं ते एवढंच, की ज्वारीच्या कणसांवर धुळीचा लोट उठला आणि त्यातून विमानाच्या शेपटीचं टोक निशाणासारखं पळत गेलं. मग आवाज बदलला, मग धप्प झालं आणि मग काहीच नाही. माणसं धुऱ्यावरून धावत नाल्याजवळ पोचली तेव्हा विमान एक चाक वाकडं करून बाभळीला नाक लावून उभं होतं आणि इंद्रभान आत ताठ बसला होता.

"उडालं काय?" दौलतरावाने विचारलं.

आता इंद्रभानची पंचाईत झाली. दांडा मागे ओढला तेव्हा पोटात खड्डा पडल्यासारखं झालं होतं, आणि त्याच क्षणी त्याने डोळे गच्च मिटले होते. ते उघडले तेव्हा समोर बाभूळ होती. मधल्या वेळात विमान आभाळात होतं की ढेकळांत, हे त्याला देवाशपथ माहीत नव्हतं.

"उडालं," तो म्हणाला. "दोन हात उडालं."

"कोनं पाह्यलं?"

"म्या पाह्यलं."

दौलतराव हसला, मग गाव हसलं. "दिवायीपर्यंत एखादा साक्षीदार आना पाव्हणे. नाही तं कातर काढा." ज्वारीच्या कडेला भागिरथा पदराखाली टोपली झाकून उभी होती. तिने मान वर केली नाही.

जानरावाने दुसऱ्याच दिवशी विमानाच्या चाकोऱ्या मोडायला शेतातून वखर फिरवला. इंद्रभानला तोंड दाखवायला जागा उरली नाही. हॉटेलसमोरून जायचं टाळून तो मारुतीच्या मागून वळसा घालून दुकानात जायला लागला, तर गिऱ्हाइकं तिथे यायची. "इंद्रभानभाऊ, माह्यासाठी शेपटाकडची कोठी राखून ठेव बरं." लोकांच्या हसण्याचं त्याला इतकं नव्हतं. खोटं बोलल्याची लाज वाटावी तर ते खोटंच होतं याचीही खात्री नाही, आणि खरं म्हणून छाती ठोकावी तर डोळे मिटलेले. आपण एवढी वर्षं खपलो आणि नेमक्या वेळी डोळे मिटले, या विचारात तो दुकानातल्या कोठ्यांची झाकणं उलटी बसवायला लागला.

इकडे भागिरथेची लाज वेगळीच होती. उरलेलं बियाणं तिने गुपचूप बायांना वाटून दिलं होतं. आपल्यामुळे विमान जड झालं, हे तिला खाऊन टाकत होतं. म्हणून ती नवऱ्याच्या भाकरीवर तूप वाढायची, परत वाढायची. इंद्रभानला वाटायचं, बायकोलाही आपली कीव येते आहे. मग तो तूप लावलेली भाकरी आणखी खाली मान घालून खायचा.

मध्ये एकदा हस्ताच्या दोन सरी येऊन गेल्या. दिवाळी तोंडावर आली तशी इंद्रभानने पत्रा कापायची कातर काढून पाजवायला घेतली. त्याच सकाळी जानराव दारात आला.

"चाल, वावरात. अन तुह्या सायाले बी घे. भागिरथे, तू बी ये, अन त्या गोजरीले बी हाक मार."

दौलतराव कोठ्यांचा समारंभ बघायला आदल्या दिवशीच येऊन बसला होता. सगळे शेतात गेले. जानराव धुऱ्यावर थांबला आणि काठीने दाखवलं.

"म्या अजून तिफन काढली नाही. मंग हे पेरलं कोनं?"

काळ्या शेतात दोन्ही अंगांना हिरव्या ओळी उगवल्या होत्या. गव्हाची ओळ, तिला लागून हरभऱ्याची, मग करडईची. पलीकडच्या पंखाखालीही तशाच.

"अवो माय, हा तं माहा हरभरा," गोजराबाई बोलून गेली आणि मग तोंडावर हात ठेवला. पण आता उशीर झाला होता. जानरावाने दोनच प्रश्न विचारले, आणि उंदरापासून शेणमातीपर्यंत सगळं बाहेर आलं.

दौलतराव पोट धरून धुऱ्यावर बसला. "पाव्हणे, तुमी विमान नाही केलं, तिफन केली."

इंद्रभानला वाटलं, जमिनीच्या भेगेत शिरावं आणि वरून माती ओढून घ्यावी. आपलं विमान गावाची कणगी होतं, आणि कुठे कुठे वाकडं पळालं तेही आता हिरव्यागार अक्षरांत उगवलेलं. भागिरथा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

जानराव मात्र ओळीच्या बाजूने चालत निघाला होता. शेताच्या अर्ध्यावर तो थांबला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. "दौलतराव, हसनं झालं असंन तं इकडे ये. तू बी पेरतोस ना? सांग, हे काय हाय?"

दौलतराव उठून गेला. तिथपर्यंत ओळी सरळ होत्या, तिफणीच्या नळीतून पडल्यासारख्या. तिथून पुढे ओळच नव्हती. गहू, हरभरा, करडई, सगळं एकात एक, मुठीने फोकल्यासारखं रुंद पसरलेलं. आणि नाल्याच्या अलीकडे ओळी पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"वखरानं मोडलं असंन," दौलतराव म्हणाला.

"वखर साऱ्या वावरातून फिरला. इथंच कसा मोडंन?" जानराव म्हणाला. "नयी जमिनीजवय असली तं बी ओयीत पडते. नयी वर उचलली तं बी उधयते. लेकराले बी समजते हे."

दौलतरावाने ओणवं होऊन पाहिलं. हाताने रुंदी मापली. पेरणीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्याला खोटं बोलायची सोय नव्हती.

"दोन हात नाही पाव्हणे," तो शेवटी म्हणाला. "पुरुषभर उचललं असंन." आणि टोपी काढून त्याने डोकं खाजवलं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी हॉटेलवाल्याने चहा घरी पाठवला. इंद्रभान मात्र गोठ्यात बसून होता. भागिरथा कपबशी घेऊन आली आणि पंखाजवळ टेकली.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "म्या पाह्यलं होतं."

"काय?"

"गहू वेचत मांगंच पयत होती ना मी. चाकं सुटले जमिनीपासून. माह्या डोक्याइतके वर गेले."

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलली?"

"बोलली असती तं तुमी विचारलं असतं, टोपली घेऊन तिथं काय करत होती." जरा थांबून तिने विचारलं, "वरून कसं दिसते हो? गाव दिसलं काय?"

इंद्रभानने बशीत चहा ओतला. तो पिऊन होईपर्यंत काही तरी सुचेल असं त्याला वाटलं होतं. चहा संपला.

"डोये मिटेल होते माहे," तो म्हणाला.

भागिरथा हसेल म्हणून त्याने अंग चोरून घेतलं, पण ती हसली नाही. ती पंखाकडे बघत मनाशी काही हिशेब करत होती.

"सारं बियानं मियून माह्याएवढंच भरलं असंन, नाही?"

त्याने रिकामी बशी हातात गोल फिरवली.

"इंजिनाले झेपत नाही म्हनत होते तुमी."

"नकाशात दुसरी जागा होती," इंद्रभान बशीकडे बघत म्हणाला. इतकी लाज त्याला भर शेतातही वाटली नव्हती. "म्याच नाही केली. तू बाजूले बसली असती तं तुले दिसलं असतं."

"काय?"

"मी घाबरतो ते."

भागिरथेने कपबशी उचलून कोनाड्यात ठेवली. कोपऱ्यातला लोखंडी ठोकळा घेतला, पदर खोचला आणि विमानाच्या पोटात शिरली.

"घ्या हातोडी," आतून आवाज आला. "दुसरी जागा करा. तुमी खुशाल डोये मिटा. मी बाजूले बसून सांगत जाईन, खाली काय काय दिसून राह्यलं ते."