काटेबुवांचा चिमटा

मंडळी, देवाला गर्व खपत नाही हे आपण किती वेळा ऐकतो! ऐकताना माना डोलावतो आणि घरी गेलो की पुन्हा छाती फुगवतो. काटेबुवा त्यातलेच. घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. माणूस सोन्यासारखा, पण जगातलं प्रत्येक दुखणं तेलाच्या थेंबानं आणि हलक्या हातानं फिरवून बरं होतं, ही त्यांची ठाम श्रद्धा!

त्या रविवारी मुलीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील घरी आले होते. मुलाची आई दातांची डॉक्टर. त्यांच्या तोंडून एकदा 'हो' बाहेर पडलं की पोरीचं लग्न ठरलंच! म्हणून बुवांनीच बेत काढला : सगळ्यांनी मागच्या टेकडीवर फिरायला जायचं.

"गवतात गोचीड आहेत हो," बायको म्हणाली. "फुल पँट घाला, पायमोज्यात खोचा."

"गोचीड? माझ्या वाटेला जायची त्याची छाती आहे का!" असं म्हणून बुवा हाफपँट घालून निघाले. मुलीनं मुकाट्यानं आईचं ऐकून पँट मोज्यात खोचली. डॉक्टरीणबाई मात्र पांढरी पँट पायमोज्यात खोचून, पायवाटेच्या मधोमध चालत होत्या. बुवा गवतातून हरणासारखे उड्या मारत सुटले आणि वर म्हणाले, "ताई, लढाईला निघालात की काय!"

घरी परतल्यावर बायको म्हणाली, "आता सगळ्यांनी अंग तपासा. कानामागे, केसांत, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे."

"थांबा! हे माझं काम!" बुवांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचा बारीक चिमटा घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या मानेवर वाकले. भिंगातून दिसला काळाभोर मणी, म्हशीएवढा!

"सापडला! ताई, हलू नका!"

"काय सापडलं?"

"गोचीड! चांगलाच रुतलाय लबाड!" आणि कोणी काही बोलायच्या आत बुवांनी घड्याळाच्या तेलाचा थेंब सोडला, चिमट्यात मणी धरला आणि स्क्रू काढावा तसा गर्रकन फिरवला!

बाई अशा किंचाळल्या की भिंतीवरचं घड्याळ घाबरून अवेळी वाजलं!

"अहो, चामखीळ आहे ती माझी! लग्नाआधीपासूनची!"

"मी साक्षीदार आहे," मुलाचे वडील म्हणाले आणि शांतपणे बूट शोधायला लागले.

बूट! म्हणजे पाहुणे निघाले! मुलीचे डोळे भरून आले. "बाबा, काय केलंत हे!" बुवांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. देवाचं नाव घेत ते घसरलेलं भिंग उचलायला वाकले.

"हलू नका!" आता डॉक्टरीणबाई ओरडल्या. "तुमच्या गुडघ्यामागे बघा! ह्या मण्याला पाय आहेत!"

"अगं आई गं! तेल टाका! फिरवा! काडी पेटवून चटका द्या!"

"गप्प बसा! तेल नाही, चटका नाही, फिरवायचं तर मुळीच नाही! डिवचला की तो पोटातली घाण जखमेत सोडतो. द्या तो चिमटा."

बाईंनी चिमटा कातडीला अगदी टेकवला, गोचीड तोंडाजवळ पकडला आणि हिसका न देता, एका संथ ओढीत सरळ वर काढला. मुंडकं शाबूत! बुवा मात्र असे कण्हत होते, जणू पायच उपटला.

"आता साबणानं धुवा, हातसुद्धा. आणि काही आठवडे लक्ष ठेवा. ताप, पुरळ, अंगदुखी, काहीही झालं तरी डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावला होता हे सांगा. लपवू नका!"

बुवांनी हात जोडले. "ताई, चूक माझी. पोरीवर राग काढू नका."

बाईंनी मानेवरचं तेल पुसलं. एक बूट घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, रडवेल्या मुलीकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"बूट काढा हो. मुलगी आमचीच. तिच्या आईचं ऐकते, एवढं पुरे."

घरात नुसता जल्लोष! बुवा लगबगीनं पुढे सरसावले. "ताई, तुमचं मनगटी घड्याळ मागे पडतंय. आत्ता नीट करून देतो! फुकट!"

बाईंनी पटकन हात पाठीमागे नेला.

"नको व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "मागे पडलेलंच बरं आहे!"